पबमधली उमेदवारी : बर्टनजवळच्या एका तळघरातून

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी,

गेली पाच वर्षं मी इथे नुसती वाचत आले. मागच्या आठवड्यात 'परदेशात मुलांना पदवीऐवजी अप्रेंटिसशिप' या धाग्यावर चांगली चर्चा झाली, पण सगळं बोलणं इंजिनिअरिंग आणि अकाउंटिंगभोवतीच फिरलं. मी ज्या क्षेत्रात आहे त्याचं नावही कुणी काढलं नाही, म्हणून धीर करून वेगळा धागा काढते.

मी मूळची सांगलीची. आई नर्स. तिच्या नोकरीमुळे २०१५ साली आम्ही इंग्लंडला आलो, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. अठरा पूर्ण झाल्यावर शनिवार-रविवार एका पबमध्ये ग्लास गोळा करायला लागले आणि त्यातच रमले. आता स्टॅफर्डशायरमध्ये, बर्टन-अपॉन-ट्रेंटपासून बसने वीस मिनिटांवरच्या एका गावातल्या पबमध्ये 'हॉस्पिटॅलिटी मॅनेजर, लेव्हल ४' ही अप्रेंटिसशिप करते आहे. अठरा महिन्यांपैकी पंधरा झाले.

आजीला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे गुत्त्यावर?" तिला वाईट वाटणं स्वाभाविक होतं. आपल्याकडे परमिट रूम म्हटलं की काळ्या काचा, अंधार आणि बाईमाणसाने मान खाली घालून पुढे जायचं. इथला पब तसा नाही. सकाळी अकराला बाळांना घेऊन आया कॉफीला येतात, मंगळवारी विणकामाचा गट बसतो, गुरुवारी क्विझ असते, रविवारी एकेका टेबलावर तीन पिढ्या रोस्ट खातात. गावात कुणी गेलं तर दफन उरकून सगळे आमच्याकडेच येतात आणि सँडविचच्या थाळ्या आदल्या रात्री आम्हीच लावून ठेवतो.

अप्रेंटिसशिपला मराठीत मला 'उमेदवारी' हाच शब्द आवडतो. माझ्या आजोबांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दोन वर्षं उमेदवारी केली होती. हळकुंड मोडून, वास घेऊन भाव सांगायला ते तिथे शिकले. मी काय करते ते आजीला कळलं ते मी तळघराबद्दल सांगितलं तेव्हा.

पबचा खरा कारभार तळघरात चालतो. वर दिसतात ते नळ आणि हातपंप. खाली दोन तऱ्हेची बिअर असते. केगमधली बिअर कारखान्यातच तयार होऊन येते, ती वायूच्या दाबाने वर जाते. दुसरी कास्क एल, एल हा बिअरचाच एक प्रकार. ही पिंपात असताना जिवंत असते, म्हणजे यीस्ट आत काम करतच असतं आणि शेवटचा टप्पा पबच्या तळघरातच पुरा व्हायचा असतो. तो आम्ही बिघडवला तर ब्रूअरीची सगळी मेहनत वाया.

पिंप आडवं ठेवतात आणि हलू नये म्हणून खाली पाचरी ठोकतात. वरच्या बाजूच्या बुचात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी मारायची. तिला स्पाइल म्हणतात. ती मारली की आतला वायू बाहेर यायला लागतो आणि खुंटीच्या डोक्यावर फेस जमतो. पहिल्या दिवशी आमचे सेलरमन (तळघर सांभाळणारे, वय ६७, चाळीस वर्षं याच कामात) म्हणाले, फडक्याने फेस पूस आणि बघत बस. पुसल्यावर फेस लगेच फसफसून वर आला तर बिअर अजून तयार नाही. सावकाश, एकेक बुडबुडा करत आला तर मऊ खुंटी काढून कडक खुंटी मारायची, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. दगडी जमिनीवर, १२ अंशांत, स्वेटर घालून मी एका खुंटीकडे अर्धा तास बघत बसले होते. आईच्या आंबोळीच्या पिठाची आठवण आली. थंडीत ते आलं का हे बघायला आईही झाकण उघडून असाच कान लावायची.

मग नळ ठोकायचा. पिंपाच्या तोंडाशी लाकडी चकती असते, तिच्यावर नळ धरून लाकडी हातोड्याचा एकच सरळ, नेमका घाव. माझा पहिला घाव तिरका बसला. बिअर कारंज्यासारखी उडाली आणि नळ पक्का बसेपर्यंत सात-आठ लिटर जमिनीवर गेली. सेलरमन ओरडले नाहीत. नासाडीच्या वहीत तारीख, पिंपाचं नाव आणि कारण मला माझ्याच हाताने लिहायला लावलं. घरी जाऊन मी रडले. पण त्या वहीमुळे पुढे काय झालं ते नंतर सांगते.

आजोबांच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट इथे रोज आठवते. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आतली हवा मारते. आधी तोंड उघडं टाकायचं, कंदील सोडून बघायचा, मग माणूस. आमच्या तळघरातही कार्बन डायऑक्साइडची भीती तीच आहे. दाराबाहेर त्याचा अलार्म आहे, आणि तो वाजला तर आत पडलेल्या माणसाला काढायलासुद्धा एकट्याने धावायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी तीनदा म्हणून दाखवायला लावलं.

प्रश्न असतील तर विचारा. उद्या सकाळी लाइन क्लीनिंग (बिअर वर नेणाऱ्या नळ्या धुणं) आहे, दुपारनंतर उत्तरं देते.

दारची_तुळस | मंगळवार, सकाळी ८.१५

किती छान लिहिलंस गं. मी लेस्टरला असते. माझा मुलगा अठराचा, ए लेव्हल (इथली बारावी) झाले, पण विद्यापीठात जायचं नाही म्हणतो. त्याला माणसांत राहायला आवडतं, स्वयंपाकही बरा करतो. त्याच्या बाबांना वाटतं की पदवी नसली तर आयुष्यभर ग्लास धूत राहील. पगार किती मिळतो, शिकवतात किती आणि राबवून घेतात किती, हे मोकळेपणाने सांगशील का?

परळकर | मंगळवार, सकाळी १०.०२

धागा आवडला. मी दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचा माजी विद्यार्थी. आमच्या संस्थेची सुरुवात १९५४ ची. शिक्षण उत्तम होतं, पण इंडस्ट्रियल ट्रेनिंगला एका मोठ्या हॉटेलात पाठवलं तिथे सहा आठवडे मी फक्त चादरी आणि टॉवेल मोजले. कशासाठी मोजतोय हे कुणी सांगितलं नाही. ते टॉवेल कोणत्या खर्चाच्या खात्यात जातात हे मला दहा वर्षांनी, स्वतः मॅनेजर झाल्यावर कळलं. तुझ्या सेलरमनने वही तुझ्या हातात दिली, हे वाचून खरंच भरून आलं.

आपल्याकडे १९६१ चा अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार भरतं. हॉटेलं मुलं घेतातही. पण मुलाला शिकवण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसावर टाकलेली मी फार कमी ठिकाणी पाहिली.

मापांचं काय? आमच्याकडे ३० आणि ६० मिलीचा पेग, रोजचं एक्साइजचं रजिस्टर, आणि ड्राय डेची यादी भिंतीवर.

कृष्णाकाठची | मंगळवार, दुपारी ४.३०

@दारची_तुळस, काकू, सगळं सांगते.

आधी पैसे. अप्रेंटिसला फी नसते. शिक्षणाचा खर्च मालक आणि सरकार मिळून करतात. ज्या कंपन्यांचं पगारबिल वर्षाला ३० लाख पौंडांच्या वर आहे त्यांना २०१७ पासून वरच्या रकमेच्या ०.५ टक्के लेव्ही (अप्रेंटिसशिपसाठीचा कर) भरावीच लागते, म्हणून मोठ्या पब कंपन्या अप्रेंटिस घ्यायला उत्सुक असतात. पगाराकडे मात्र नीट बघा. एप्रिल २०२५ मध्ये अप्रेंटिसचा कायदेशीर किमान दर तासाला ७.५५ पौंड होता, तर २१ आणि त्यापुढच्या वयाच्या साध्या कामगाराचा १२.२१. वय १९ च्या खाली असेल किंवा अप्रेंटिसशिपचं पहिलं वर्ष असेल तर मालक कमी दर लावू शकतो. माझे आत्ताचे मालक पूर्ण दर देतात, सगळे देत नाहीत. अर्जाच्या वेळीच विचारायचं, यात संकोच कसला. टिप्सचाही कायदा झाला आहे, १ ऑक्टोबर २०२४ पासून मालकाला टिपमधला एक पेनीही ठेवता येत नाही.

आता राबवून घेण्याचं. माझी सुरुवात दुसऱ्या ठिकाणी झाली होती, नाव घेत नाही. मी लागले तेव्हाच्या नियमाप्रमाणे आठवड्याला किमान ६ तास कामाच्या वेळात शिकण्यासाठी राखून ठेवायचे होते, आणि त्यांचा पगारही मिळायला हवा. पहिल्या दोन महिन्यांत मला एकही तास मिळाला नाही. बार भरलेला, माणसं कमी, "पुढच्या आठवड्यात बघू". महिन्याच्या शेवटी तासांच्या नोंदीत सगळे तास भरलेले दाखवून सही करायला सांगितलं. मी सही केली नाही. हात कापत होते, पण केली नाही. ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेच्या शिक्षिकेला लिहून कळवलं. मालक बदलून अप्रेंटिसशिप पुढे चालू ठेवता येते हे तिने सांगितलं, मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

ग्लास धुण्याबद्दल काकांना सांगा की ग्लास मी आजही धुते आणि त्यातही शिकण्यासारखं आहे. ग्लासला तेलकटपणा राहिला तर फेस मरतो. बिअर पिऊन संपत जाते तशी आतून फेसाची एकेक कडी उमटत जायला हवी. ती नसली तर मी मशीनचं डिटर्जंट तपासते. आणि लेव्हल ४ म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या बरोबरीची पातळी.

@परळकरदादा, इथे जिन, रम, व्होडका, व्हिस्की २५ किंवा ३५ मिलीच्या पटीत. एका पबने दोन्हींपैकी एकच माप ठरवायचं. बिअरचा पाइंट ५६८ मिली, आणि अर्धा पाइंट मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. वाइनचा १२५ मिलीचा लहान ग्लास ठेवावाच लागतो. प्यायचं साधं पाणी मागितलं तर फुकट द्यायचं, हीसुद्धा परवान्याची अट आहे.

खिडकीपाशी | मंगळवार, रात्री ९.४०

माझा भाचा पुण्याहून एमएस्सी करायला मँचेस्टरला आला आहे. संध्याकाळी पबमध्ये काम करतो, मॅनेजर त्याच्यावर खूश आहे. त्याला अशी अप्रेंटिसशिप मिळू शकेल का? म्हणजे शिक्षण संपल्यावर तिथेच राहता येईल.

कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री ११.५५

नाही, आणि हे मी अगदी स्पष्ट सांगते, कारण या आशेवर मुलं पैसे घालवतात. विद्यार्थी व्हिसावर सरकारी पैशाची अप्रेंटिसशिप मिळत नाही. ब्रिटिश नागरिक नसलात तर इथे राहण्याची परवानगी हवी, आणि सुरू करण्याआधी किमान तीन वर्षं शिक्षणाव्यतिरिक्त कारणाने इथे वास्तव्य हवं. मी आईबरोबर आले म्हणून त्यात बसले. भाच्याला टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येईल, तेवढंच. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी नोकरी पदवीच्या पातळीची लागते, थोडे अपवाद सोडून. त्यामुळे "पबच्या मॅनेजरकीवर व्हिसा मिळवून देतो" असं कुणी एजंट म्हणाला तर त्याला एक रुपया देऊ नका.

तांबडीमाती | बुधवार, सकाळी ७.२०

लेखन प्रामाणिक आहे म्हणून मीही प्रामाणिकपणे लिहितो. माझे वडील दारूने गेले. मी तेव्हा नववीत होतो. आमच्या गावात बायकांनी अर्ज केला, मतदान झालं, निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवी बाटली केली आणि दुकान बंद झालं. माझी आई त्या दिवशी रांगेत पहिली उभी होती. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे ती लोकांनी मागून घेतलेली आहे.

तुमच्या तळघराचं वर्णन वाचताना मला कौतुक वाटलं आणि त्रासही झाला. ताई, एवढ्या निगुतीने तुम्ही जी वस्तू तयार करता ती शेवटी एखाद्या घरात माझ्या वडिलांसारखा माणूस पितो. तुम्हाला रात्री झोप लागते का? भांडायला विचारत नाही. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

दारची_तुळस | बुधवार, सकाळी ८.०५

तांबडीमातीदादा, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

कृष्णाकाठची | बुधवार, दुपारी ३.१०

दादा, तुमचा प्रतिसाद मी सकाळी बसमध्ये वाचला आणि दिवसभर तोच मनात आहे. जमेल तसं उत्तर देते.

माझ्या अभ्यासक्रमात गोड बोलून विकण्यापेक्षा किती तरी जास्त वेळ 'नाही' कसं म्हणायचं यावर जातो. इथला २००३ चा लायसन्सिंग कायदा चार उद्दिष्टांवर उभा आहे : गुन्हे रोखणं, लोकांची सुरक्षितता, शेजाऱ्यांना उपद्रव न होणं आणि मुलांचं रक्षण. त्याच कायद्याचं १४१ वं कलम सांगतं की आधीच झिंगलेल्या माणसाला जाणूनबुजून दारू विकणं हा गुन्हा आहे, आणि तो विकणाऱ्या माणसाच्या अंगावर येतो. म्हणजे माझ्या. वैयक्तिक परवान्यासाठी मी ४० प्रश्नांची परीक्षा दिली, २८ बरोबर यावे लागतात. मग पोलिसांकडच्या नोंदींची तपासणी, मग काउन्सिलकडे ३७ पौंड. त्या कार्डावर माझा फोटो आहे. पंचविशीच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ओळखपत्र मागतो.

पण तुम्ही कायदा विचारला नाहीत.

आमच्याकडे एक गृहस्थ रोज चारला येतात. निवृत्त, मागच्या वर्षी पत्नी वारली. आधी दोन पाइंट घ्यायचे, मग तीन, मग चार झाले. कुणी लिहून ठेवत नाही, पण बारच्या मागे उभ्या माणसाला कळतं. मार्चमध्ये एका संध्याकाळी ते पाचवा मागायला आले. पैसे काउंटरवर ठेवताना नाणी तीनदा निसटली. मी शिफ्टवर एकटीच होते. मॅनेजरने शिकवलं होतं की बारच्या आडून नाही म्हणायचं नाही, बाहेर येऊन शेजारी बसायचं, आवाज खाली ठेवायचा आणि चारचौघांत पाणउतारा होऊ द्यायचा नाही. मी बाहेर आले, त्यांच्याजवळ बसले, म्हटलं, आज मी तुम्हाला आणखी देणार नाही, सूप गरम आहे, ते आणते. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "माझ्या घरात आता एवढंही बोलणारं कुणी नाही." आणि कोट घालून निघून गेले. सूप तसंच राहिलं.

मग अकरा दिवस ते आले नाहीत. ते अकरा दिवस मला झोप लागली नाही, दादा. चौथ्या दिवशी मॅनेजर त्यांच्या घरी जाऊन आली. ते बरे होते, भेटायला तयार नव्हते. बाराव्या दिवशी, रविवारी, ते रोस्ट खायला आले आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसले, बारपासून लांब. आता ते आठवड्यातून तीनदा येतात. दोन पाइंट घेतात. मंगळवारी विणकामवाल्या बायका त्यांना लोकर धरायला बसवतात.

ते घरी एकटे बसून सुपरमार्केटची बाटली पीत असते तर नाणी निसटलेली कुणाला दिसली नसती. तुमच्या वडिलांना वाढणाऱ्याने त्यांच्याकडे कधी बघितलं नसेल, तर तुमचा राग मला पूर्ण समजतो. मी तिथे असते तर तुमच्या आईच्या मागे रांगेत उभी राहिले असते. माझ्या कामात असे दिवस किती येतील आणि मी किती वेळा चुकेन हे माहीत नाही. पण बघणं हे माझं काम आहे, एवढं मी मनापासून मानते.

तांबडीमाती | बुधवार, रात्री १०.३०

वाचलं. दोनदा वाचलं. माझं मत बदललेलं नाही, पण तुम्ही उत्तर दिलंत त्याबद्दल आभार. त्या आजोबांची काळजी घ्या.

सराफा_इंदूर | गुरुवार, दुपारी १२.१५

मी मूळ इंदूरची, लग्नानंतर बर्मिंगहॅमला. इथल्या देशी पबांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडी भर. स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविच या भागात पंजाबी मंडळी ओतशाळांत कामाला आली. १९६० च्या दशकात इथल्या कित्येक पबांत त्यांना काही खोल्यांमध्ये बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये, खून होण्याच्या थोडेच दिवस आधी, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला येऊन गेले ते याच वातावरणात. त्याच वर्षीच्या रेस रिलेशन्स कायद्याने सार्वजनिक जागी असा भेद करणं बेकायदा ठरलं. पुढे त्याच मंडळींनी पब चालवायला घेतले. आज तिथे एका बाजूला डार्ट्स, एका बाजूला लोखंडी तव्यावर चुरचुरत येणारा मिक्स्ड ग्रिल, आणि गोरी-देशी माणसं एका टेबलावर.

कृष्णाकाठची, तू बर्टनची आहेस म्हणून विचारते, इंडिया पेल एल नावाच्या बिअरचा आपल्या मुंबईशी खरंच संबंध आहे ना?

कृष्णाकाठची | गुरुवार, रात्री ११.४५

ताई, हे मला माहीत नव्हतं. उद्या ब्रेकमध्ये सेलरमनना विचारते, त्यांचं लहानपण त्याच भागात गेलं आहे.

हो, संबंध आहे. लंडनमध्ये बो इथे हॉजसनची ब्रूअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची त्या धक्क्यांजवळ. तिची बिअर कलकत्ता, मद्रास, मुंबईला जायची. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपने त्या व्यापारात उडी घेतली आणि बर्टनची पेल एल जास्त चांगली निघाली. कारण इथलं पाणी. जमिनीखाली जिप्सम आहे, त्या पाण्याने हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा) कडवटपणा स्वच्छ उतरतो. आजही जगभरातले ब्रूअर पाण्यात क्षार घालून ते बर्टनसारखं करून घेतात. आमच्या एका एलला ग्लास भरताना क्षणभर काडेपेटीसारखा गंधकाचा वास येतो. नवखे गिऱ्हाईक बिअर खराब म्हणून परत करतात, जुने तो वास यावा म्हणून वाट बघतात.

परळकर | शुक्रवार, सकाळी ९.५०

वहीमुळे पुढे काय झालं ते सांगणार होतीस. विसरू नकोस. आणि आकडे सांग, मला आकड्यांत रस आहे.

कृष्णाकाठची | शुक्रवार, दुपारी ४.०५

दादा, विसरले नाही. शेवटच्या परीक्षेसाठी एक प्रकल्प करावा लागतो, आपल्याच पबमधली खरी अडचण घेऊन, आणि त्यावर परीक्षकाशी चर्चा असते. माझा प्रकल्प त्या वहीतून निघाला.

पहिल्या दिवशी माझी चूक लिहिताना मी आधीची पानं चाळली होती. तिरक्या घावाने सांडलेली बिअर वर्षातून एखादीच वेळ. पण दर बुधवारी-गुरुवारी एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती : गडद माइल्ड (एक कास्क एल), ओतून दिली. कास्क एल एकदा नळ ठोकून हवा लागली की तीन दिवसांत संपवावी लागते, नाहीतर आंबट होते. आम्ही ती फर्किनमध्ये मागवत होतो, म्हणजे ९ गॅलन, ७२ पाइंट. गाळ सोडून सत्तरेक विकता येतात. मी आठ आठवडे टिलवरून, म्हणजे गल्ल्याच्या नोंदींवरून मोजलं. सोमवार ते बुधवार माइल्ड जेमतेम ३० ते ३५ पाइंट जाते. म्हणजे निम्मं पिंप गटारात.

मॅनेजरला वाटत होतं माइल्ड बंदच करावी. पण ती पिणारे सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत आणि ते दुसरं काही पीत नाहीत. मग मी ब्रूअरीला फोन करून विचारलं की पिनमध्ये मिळेल का. पिन म्हणजे फर्किनच्या अर्ध्याचं पिंप, ३६ पाइंट. प्रत्येक पाइंटमागे थोडी महाग पडते. हिशेब असा मांडला : समजा पाइंट ४.८० पौंडांना विकला, २० टक्के व्हॅट काढला की राहिले ४.०० पौंड. फर्किनमध्ये पाइंट १.४० ला पडतो, म्हणजे कागदावर ६५ टक्के नफा. पण निम्मी बिअर ओतून दिली तर विकलेल्या पाइंटची खरी किंमत २.८० होते आणि नफा ३० टक्क्यांवर येतो. पिनमध्ये पाइंट १.६० ला पडला तरी सगळी विकली जाते, नफा ६० टक्के. (आकडे सोपे करून दिलेत, आमच्या पबचे खरे वेगळे आहेत, पण चित्र हेच.) मे महिन्यापासून आम्ही पिन मागवतो. माइल्ड चालू आहे.

तुमचे ते टॉवेल, दादा, हेच सांगत असणार. कुणीतरी वही हातात द्यायला हवी होती.

परळकर | शुक्रवार, सायंकाळी ६.२०

नक्कीच. हा हिशेब मी माझ्या ट्रेनी मुलांना उद्या सकाळी फळ्यावर करून दाखवणार आहे. आमच्याकडे पिंप नाही, पण पनीर आहे.

दारची_तुळस | रविवार, सकाळी ११.००

शुक्रवारी मुलगा एका पबमध्ये ट्रायल शिफ्टला जाऊन आला. घरी पोचायला दीड वाजला, पाय सुजले होते, पण चेहरा खुललेला. गर्दीत तीन ऑर्डर डोक्यात ठेवल्या म्हणून सांगत होता. त्याचे बाबा जागे राहून ऐकत होते, बोलले काही नाही, पण खिचडी गरम करून दिली.

मी तळघर बघितलंस का विचारलं. म्हणाला, मागितलं होतं, पण "ते मॅनेजरचं काम" म्हणून दार लावून घेतलं. पाच तास काम करून पैसेही दिले नाहीत. सोमवारी करारावर सही करायला बोलावलंय. काय करू?

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री १२.२५

काकू, आजच सही करू देऊ नका. पाच तास खरं काम करून घेतलं तर त्याचे पैसे मागायचे, ते ईमेलने, तारीख आणि वेळ लिहून. दुसरं, त्याच ईमेलमध्ये विचारायचं की शिकवणारी संस्था कोणती, शिकण्याचे तास आठवड्यात कोणत्या दिवशी मिळणार आणि त्याला शिकवणारा माणूस कोण, नावासकट. जे खरंच शिकवणार असतात ते दोन ओळींत उत्तर देतात.

लेस्टरमध्ये पब भरपूर आहेत. कास्क एल ठेवणारे आधी गाठायला सांगा, बारवर लांब दांड्याचे हातपंप दिसले की ओळखायचं. दुपारी तीन ते पाचच्या मध्ये जायचं, तेव्हा मॅनेजरला बोलायला वेळ असतो. रबरी तळाचे, बंद, काळे बूट घेऊन द्या, तळघराची फरशी कायम ओली असते. आणि लाइन क्लीनिंग बघायला मिळालं तर हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्या जांभळ्या रसायनाजवळ जायचं नाही, कुणी कितीही घाईत असलं तरी.

सोमवारी माझी सुट्टी असते. नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवते आहे. त्याला म्हणावं, दहानंतर कधीही फोन कर.